अकरा फुटी काठी

"काळा नको," मास्तर म्हणाले. "काळ्या काठीवर काळा दोरा गुंडाळलास तर तुझी मेहनत बघणार कोण? मासा?"

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पिवळ्या दोऱ्याची गुंडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. मी म्हटलं, पिवळा भडक दिसेल. ते म्हणाले, अकरा फूट लांब आहे तुझी काठी, ती लाजून लपणार आहे कुठे? मग पिवळाच ठरला.

आमच्या बाजारपेठेला गुरुवारची सुट्टी. दुपारची जेवणं उरकली की इस्माईल परकार, म्हणजे आमच्या गल्लीचे इस्माईल मास्तर, समोरच्या आपल्या कौलारू घरातून निघायचे, गल्ली ओलांडायचे आणि माझ्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत येऊन बसायचे. वय अडुसष्ट. त्यातली पन्नास वर्षं शिवणयंत्रावर गेलेली. मी तेव्हा एक्केचाळीसचा, गावच्या हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक. मला खाडीवर गळाला जायचा नाद होता, आणि त्याहून मोठा नाद गळाच्या काठ्या स्वतः बांधायचा.

तयार काठ्या बाजारात मिळतात. पण ज्याला एकदा चटक लागली तो मुंबईहून कार्बनची कोरी काठी मागवतो, गळाचा दोरा ज्यांच्यातून सरकतो त्या कड्या तिच्यावर एका रेषेत धरतो, आणि एकेका कडीचे पाय बारीक दोऱ्याचे वेढे देऊन काठीला बांधतो. मग वरून काचेसारखी राळ चढवतो. मोठ्या काठीला आठ-नऊ कड्या, एका कडीला दोनशेच्या वर वेढे. वेढा वेढ्यावर चढता कामा नये आणि दोघांच्या मधे काठी दिसता कामा नये. एवढंच काम, पण त्यात माणसाचा आठवडा जातो.

दोऱ्यासाठीच मी पाच वर्षांपूर्वी मास्तरांच्या दुकानात, म्हणजे त्यांच्या घराच्याच पुढच्या खोलीत, गेलो होतो. कशाला हवा म्हणून त्यांनी विचारलं, मी सांगितलं, आणि त्यांना काही ते खरं वाटलं नाही. दुकान वाढवून ते खात्री करायला घरी आले. माझे वेढे बघितले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, ही काठी बांधलीस की जखमेला पट्टी? तेव्हापासून गुरुवार त्यांचा झाला. लाकडी खोक्याच्या दोन खाचांत काठी आडवी ठेवलेली, गुंडी कपात, दोऱ्याला ताण यावा म्हणून तो एका जाड शब्दकोशाच्या पानांतून काढलेला. मी काठी फिरवायचो आणि मास्तर अंगठ्याच्या नखाने वेढ्याला वेढा भिडवत जायचे. राळ सुकेपर्यंत काठी सावकाश फिरत ठेवावी लागते, नाहीतर थेंब लोंबतात. त्यासाठी मी गणपतीच्या मागचं चक्र फिरवायची मोटर लावली होती. त्या मोटरीचं मास्तरांना फार कौतुक. तुमच्या बाप्पांना वर्षाचे बारा महिने काम लावलंस, म्हणायचे.

गंमत म्हणजे मास्तरांनी आयुष्यात गळ टाकला नव्हता. मासे खायचे, तेही हलिमाचाचीने काटे काढून दिले तर. खाडीवर चला म्हटलं की विचारायचे, मासा लागेपर्यंत तिथे करायचं काय? चाची म्हणजे त्यांची बायको. तिच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली, आमचा जिना काही तिला चढवायचा नाही. ती आपल्या ओटीवर खुर्ची टाकून बसायची आणि तिथून मला ओरडून सांगायची, दिगंबर, त्यांना चहा देऊ नको, मग रात्री झोपत नाहीत. मास्तर ऐकू न आल्यासारखं करून सुलभाकडे, माझ्या बायकोकडे, कप पुढे करायचे.

त्या गुरुवारी नववी, शेवटची कडी बांधून झाली. शनिवारपर्यंत राळ सुकली. पुढच्या मंगळवारी पाणी आलं.

आमच्या गावाला पाणी नवं नाही. नदी भरून वाहत असताना खाडीला भरती आली की बाजारपेठेत गुडघाभर चढतं, दोन-तीन तास राहतं आणि ओहोटीबरोबर उतरतं. म्हणून सकाळी सहाला गल्लीत घोटाभर पाणी दिसलं तेव्हा कोणी घाबरलं नाही. तरी मी मास्तरांना फोन केला, म्हटलं, चाचीला घेऊन इकडे या, आपण दोघे धरून तिला वर घेऊ. ते म्हणाले, येतो, पण दुकानातली कापडं आधी माळ्यावर टाकतो. गणपती महिन्यावर आले होते, सगळ्या पेठेचं शिवण त्यांच्याकडे पडलं होतं.

"लोकांचं कापड आहे, दिगू. माझं असतं तर सोडून आलो असतो."

मी येतो म्हटलं. ते म्हणाले, तू तुझं बघ, अर्ध्या तासाचं काम आहे.

मी माझं बघितलं. स्कूटर जिन्यात चढवली. खालच्या मजल्यावर बेंडखळे राहायचे, पतपेढीतून निवृत्त झालेले, अंगाने दणकट, एकटे. त्यांचं सामान वर आणायला हात लावला. तळमजल्यावरच्या किराणा दुकानाचं कुलूप तोडून चार पोती वाचवली. पाऊण तास गेला असेल. जिन्यातून खाली बघितलं तर गल्लीत कमरेच्या वर पाणी होतं, आणि ते नेहमीसारखं उभं नव्हतं, वाहत होतं. मी दोन पायऱ्या खाली उतरलो. तिसरीवर पाय टिकेना. बेंडखळ्यांनी मागून माझा शर्ट धरला.

आठ वाजता पाणी मास्तरांच्या खिडक्यांच्या वर गेलं. फोन लागत होता तोवर मास्तर सांगत होते, माळ्यावर आहोत, सुके आहोत, काळजी करू नको. मग फोन लागेनासा झाला. बेंडखळे आठवतील ते नंबर फिरवत होते. बोटी निघाल्यात म्हणून कोणीतरी त्यांना सांगितलं, पण पेठेच्या तोंडाशी धार इतकी होती की बोट आत शिरत नव्हती. नवाच्या सुमाराला समोरची कौलं हलली. एक घसरलं, दुसरं घसरलं, आणि भगदाडातून मास्तरांचं डोकं वर आलं. त्यांनी आणखी कौलं काढली, कौलांखालची रीप मोडली आणि चाचीला काखेत धरून छातीपर्यंत वर घेतलं. चाचीच्या डोक्यावरची ओढणी त्यांनी नीट केली, ते मला स्पष्ट दिसलं.

आमच्या आणि त्यांच्या मधे चाळीसेक फूट पाणी होतं. त्यातून सिलिंडर जात होते, दारं जात होती, एक मारुती गाडी उलटी होऊन गेली. ओरडलेलं ऐकू जात नव्हतं. मास्तरांनी एक हात हलवला, मीही हलवला. याच्यापुढे काय करायचं ते मला कळेना. मी गॅलरीचा कठडा धरून नुसता उभा राहिलो.

सुलभा म्हणाली, "तुमचा गळ पोचेल ना तिथवर?"

 मी आत धावलो.

अकरा फुटी काठीला चक्री लावली, तिच्यावर समुद्रासाठीचा जाड दोरा होता, दोनशे मीटर. टोकाला गळाऐवजी शिशाचं वजन बांधलं. पहिली फेक वाऱ्याने खाली नेली. दुसरी कौलावर पडली आणि मास्तरांचा हात पोचायच्या आत घसरली. वजन परत गुंडाळताना चक्री दोनदा अडकली. तिसरी फेक त्यांच्या डोक्यावरून पलीकडे गेली आणि दोरा बरोबर त्यांच्या खांद्यावर उतरला. मास्तरांनी तो चिमटीत धरला. शिंप्याने धरावा तसा.

घरात नायलॉनची मोठी दोरी होती आणि एक ट्रकची ट्यूब होती. पावसाळ्यानंतर नदीच्या डोहात मी ट्यूबवर बसून मासे धरायचो, ती खिळ्याला टांगलेली असायची. सुलभाने सायकलच्या पंपाने हवा भरली. मी गळाचा दोरा न तोडता त्यालाच दोरीचं टोक बांधलं, चक्री सैल सोडली आणि मास्तरांना ओढायची खूण केली. दोरा ओढत त्यांनी दोरी घेतली आणि छपराच्या वाश्याला बांधली. आम्ही उंचावर, ते खाली. ट्यूबला फास घालून ती त्या दोरीवरून घसरत सोडली. मधे एकदा अडकली, मग गेली. मास्तरांच्या हातात ट्यूब पडलेली बघून बेंडखळे माझ्या पाठीवर थाप मारून रडायला लागले.

बेत सोपा होता. मी तो हातवाऱ्यांनी सांगितला आणि मास्तरांनी मान हलवली. ट्यूब एक होती. आधी चाचीने यायचं. दोरीचं टोक वाश्यावरून सोडून ट्यूबला बांधायचं, चाचीला ट्यूबमध्ये बांधायचं आणि पाण्यात सोडायचं. धार तिला आपसूक आमच्या भिंतीकडे आणील आणि बेंडखळे पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून तिला वर घेतील. गळाचा दोरा मात्र मास्तरांनी सोडायचा नाही, म्हणजे त्याच दोऱ्याने दोरी आणि ट्यूब दुसऱ्यांदा पलीकडे जाईल. काठी मी कठड्याच्या गजांत उभी रोवली आणि सुलभाच्या ओढणीने आवळून बांधली.

पण चाची ट्यूबला हात लावेना.

आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते. नुसतं दिसत होतं. मास्तर ट्यूब तिच्या डोक्यावरून घालायला बघत होते आणि ती दोन्ही हातांनी ढकलत होती. तिने ती त्यांच्या गळ्यात घातली. त्यांनी काढली. ती काहीतरी बोलत राहिली, मग तोंड फिरवून बसली. मी इकडून ओरडत होतो, आधी तू, आधी तू, मग ते. कौलांच्या कडेपासून पाणी हातभर राहिलं होतं. दहा मिनिटं गेली असतील, की वीस, मला सांगता येणार नाही. घड्याळ बघायचं सुचलं नाही. पन्नास वर्षांच्या संसारातलं भांडण चाललं होतं आणि आम्ही तिघे गॅलरीत उभे राहून ते बघत होतो.

शेवटी मास्तर तिच्यापुढे गुडघ्यावर बसले. तिची हनुवटी धरून काहीतरी म्हणाले. लांबलचक नाही, एखादंच वाक्य. चाचीचे हात खाली आले. मग त्यांनी तिला ट्यूबमध्ये घातलं आणि दोरी बांधायला घेतली. कमरेवरून, खांद्यावरून, काखेतून, पुन्हा कमरेवरून. घाई नव्हती त्यांच्या हातात. मी इकडे कठड्यावर मुठी आपटत होतो, पुरे, मास्तर, पुरे. त्यांनी दोरीचं टोक आत खोचलं, ओढून बघितलं आणि मला हात केला.

चाची पाण्यात उतरली आणि क्षणात गल्लीच्या मध्याला गेली. दोरीने असा हिसका दिला की माझ्या तळव्यांची सालं निघाली. कठड्याला एक वेढा दिला होता म्हणून टिकलो. मी आणि सुलभा, दोघे ओढत होतो. बेत केला तेव्हा धारेचा जोर आम्हाला कळलाच नव्हता. ती चाचीला भिंतीकडे आणत होती, पण त्याहून वेगाने पुढे नेत होती. इमारतीचा कोपरा ओलांडला की पुढे पेठेचा मुख्य रस्ता, तिथे नदीच वाहत होती. हातभर दोरी घ्यायची, श्वास घ्यायचा, पुन्हा हातभर. चाचीचं डोकं पाण्याखाली जायचं आणि वर यायचं. खालच्या गॅलरीत उतरलेले बेंडखळे सांगत होते, अजून पंधरा फूट. अजून बारा.

तेव्हा समोर आवाज झाला. मोठा नव्हता. ओली भिंत बसते तसा, दबका. मी मान वर केली तर मास्तरांच्या घराचं छप्पर अख्खंच्या अख्खं खाली बसत होतं, सावकाश, आणि मास्तर त्याच्यावर उभे होते. मग छप्पर तिरकं झालं आणि तिथे कोणी नव्हतं.

माझ्या डाव्या हाताला, दोन फुटांवर, चक्री फिरायला लागली.

जो गळाला गेलाय त्याला तो आवाज माहीत आहे. मोठा मासा लागला की दोरा सुटताना चक्री कर्रकर्र करते. त्या आवाजाने एरवी माणसाला आनंद होतो. काठी गजांत वाकली, कमान झाली तिची, आणि पिवळ्या वेढ्यांमधून दोरा नुसता पळत होता.

"अहो, चक्री," सुलभा म्हणाली.

मला दिसत होती. डावा हात सोडला असता तर तिथे पोचला असता. दोरा आवळायची चावी फिरवली असती तर कदाचित तो थांबला असता. पलीकडे जे काही होतं ते कदाचित आमच्या बाजूला वळलं असतं. किंवा दोरा तुटला असता. मला माहीत नाही. मी एकदा हात सोडला. खरंच सोडला. दोरी फूटभर घसरली, सुलभा कठड्यावर आपटली आणि खालून बेंडखळे ओरडले, गेली, गेली. मी हात परत दोरीवर आणला.

"दोरी सोडू नको," मी सुलभाला म्हणालो. ती सोडत नव्हती. मी कोणाला सांगत होतो कोण जाणे.

आम्ही ओढत राहिलो आणि चक्री फिरत राहिली. दोनशे मीटर दोरा संपायला किती वेळ लागतो? मी पुढे कधी मोजलं नाही. एवढंच आठवतं, की अजून आठ फूट, असं बेंडखळे म्हणाले तेव्हा ती फिरत होती. अजून पाच, तेव्हाही फिरत होती. मग खट्ट झालं. काठी सरळ झाली आणि थरथरत राहिली. त्यानंतर थोड्या वेळाने बेंडखळ्यांचा हात चाचीच्या खांद्याला पोचला.

चाचीला आम्ही वर आणलं. पोटातलं पाणी काढलं, कोरडं नेसवलं. ती शुद्धीत होती पण डोळे उघडत नव्हती. दोरी आम्हाला सुटेना, बेंडखळ्यांनी विळीने कापली. दुपारी ओहोटी लागली आणि चारच्या पुढे बोट आत आली. बोटीवरच्या लोकांना मी मास्तर कुठल्या बाजूला गेले ते हाताने दाखवलं. ते बघून येतो म्हणाले.

मी स्वतःला समजावलं, की दोरा वाश्यात अडकला असणार. छप्पर वाहत गेलं, त्याच्याबरोबर दोरा गेला. मास्तर काही दोरा धरून नव्हते. सुलभाही तसंच म्हणाली. आम्ही दोघांनी ते एकमेकांना तीन दिवस सांगितलं.

चौथ्या दिवशी मास्तर खाडीच्या कांदळवनात सापडले. दफनाच्या आधी ज्यांनी त्यांना आंघोळ घातली त्यांच्यात त्यांचा पुतण्या होता. कब्रस्तानातून परतताना तो माझ्याबरोबर चालत होता. त्याने सहज विचारलं, चाचांच्या मनगटाला कसला तरी चिवट दोरा होता, कातरीने कापायला लागला, तो कसला? मी म्हटलं, मला माहीत नाही.

चाची मुलाकडे, रियाजकडे, पनवेलला गेली. मी कोणाला काही सांगितलं नाही. शाळा सुरू झाली, प्रयोगशाळेतला गाळ काढण्यात महिना गेला. काठी तशीच होती. तिला काही झालं नव्हतं, नऊच्या नऊ कड्या जागच्या जागी होत्या. मी ती माळ्यावर टाकली आणि मोटर कोणाला तरी गणपतीसाठी देऊन टाकली.

दिवाळीच्या सुट्टीत पनवेलला गेलो. एकटाच. रियाज कामावर गेला होता, सून चहा ठेवून शेजारी गेली. पाचव्या मजल्यावरचं घर. चाची खिडकीपासून लांब, भिंतीशी खुर्ची घेऊन बसली होती. माझ्याकडे बघून तिने सुलभाची चौकशी केली, बेंडखळ्यांची केली. माझे तळवे बघायला मागितले आणि बघितले.

मी सांगायला आलो होतो म्हणून सांगून टाकलं. चक्री फिरत होती, मी ऐकत होतो. हात पोचत होता. एकदा सोडला आणि परत घेतला. मास्तरांच्या मनगटाला दोरा होता. ते त्या टोकाला होते, चाची, आणि मी तो धरला नाही.

 बाहेर कोणीतरी गच्चीवर गाद्या झटकत होतं. मला वाटलं, ती आता मला जायला सांगेल, आणि मला ते चाललं असतं.

"मला सगळं दिसत होतं," ती म्हणाली. "छप्पर बसलं ते. ते गेले ते. तुझी काठी वाकलेली पण दिसली. मला कळलं, मी सुटले तर तुझे हात मोकळे होतील."

मी मान खाली घातली.

"मी पाण्यात दोरी सोडवायला बघत होते, दिगंबर. दोन्ही हातांनी. नखं तुटली माझी." तिने बोटं पुढे केली, मग परत मांडीवर ठेवली. "सुटली नाही. त्यांनी बांधली होती."